बरगड्यांवरचा पट्टा

रसायनीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. घर कर्जतला लागून, दहिवलीत. सकाळी कंपनीची बस चारफाट्यावर येते आणि चौक गावावरून मोहोपाड्याला नेऊन सोडते. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून हाच माझा रस्ता. काम म्हणजे प्लांटमध्ये जाऊन नमुने काढायचे, ते तपासायचे आणि माल पुढे जाऊ द्यायचा की अडवायचा ते सांगायचं. मला हे काम आवडतं. नमुना कधी खोटं बोलत नाही आणि माझ्या सहीशिवाय टँकर हलत नाही, या दोन गोष्टींचा मला अभिमान आहे.

त्या दुपारी मी प्लांटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बाटल्यांवर लेबलं लावत होते. बाहेर पाइपाचा एक जोड सुटला आणि अमोनिया पसरला. वास नाकात शिरण्याआधी डोळे झोंबले. खोलीला दार एकच, आणि ते नेमकं त्याच बाजूला. मी दार ओढून घेतलं, अ‍ॅप्रन नळाखाली भिजवून दाराच्या फटीत कोंबला, ओढणी ओली करून नाकातोंडाला लावली आणि जमिनीवर बसले. अमोनिया हलका असतो, वर जातो, एवढं केमिस्ट्रीचं ज्ञान तेव्हा शाबूत होतं.

सुटका करणारी माणसं आली तेव्हा पुढे चाचा होते. आमच्या कारखान्याची सुरक्षा तेच बघतात. ते खालापूरकडचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी माझ्या तोंडावर हवेच्या सिलिंडरला जोडलेला मास्क चढवला, मागचे पट्टे आवळले. सिलिंडरमधली हवा आत येत होती, पण मी इतक्या घाईनं ती ओढत होते, की काहीच येत नाही असं वाटत होतं. मला वाटलं, वायूनं नाही तर या रबरानं माझा जीव जाणार. मी मास्क ओरबाडायला लागले. चाचांनी माझे दोन्ही हात धरले आणि मला तसंच खाली आणलं.

कुणाला मोठी इजा झाली नाही. मला इस्पितळात ठेवलं, तपासलं आणि घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, “फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत.”

फुप्फुसं स्वच्छ होती, पण श्वास बिघडला होता. बसमध्ये कुणी खिडकी लावली की घसा आवळायचा. डोक्यावरून कुडता घालताना चेहरा क्षणभर झाकला जातो, तेवढ्यानंही काळीज धडधडायचं. कुकरच्या शिट्टीआधी वाफेचा जो फुसकारा येतो तो तर मला सहनच होईना. मी डाळ उघड्या पातेल्यात शिजवायला लागले. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्या डाळ सकाळीच भिजत घालायला लागल्या.

आमच्याकडे प्लांटमध्ये नमुने काढायला जाणाऱ्या प्रत्येकाला मास्कची परीक्षा द्यावी लागते. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि खोट्या धुरानं भरलेल्या अंधाऱ्या खोलीत शिरायचं. आत एक माणसाएवढा बाहुला टाकलेला असतो. तो शोधून ओढत बाहेर आणायचा. सरावाचे सिलिंडर मुद्दाम अर्धवट भरलेले असतात. हवा संपत आली की सिलिंडर शिट्टी वाजवतो. जो शांत श्वास घेतो त्याला हवा पुरते, जो धापा टाकतो त्याची शिट्टी लवकर वाजते. याआधी मी ही परीक्षा दर वेळी हसत दिली होती. या वेळी दारातून दोन पावलं आत गेले, मास्क फाडून काढला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकले. सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं मला वाटलं.

व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. फार चांगलं बोलले. “मॅडम, तुम्ही खूप सोसलंय. रेकॉर्ड सेक्शनला जागा आहे. एसी आहे, टेबल-खुर्ची आहे. आता प्लांटमध्ये जायची गरज काय?”

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं कर्जतला विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडून तिची तार नव्यानं भरण्यात त्याचा जन्म गेलाय.

“घे की ते काम,” तो म्हणाला. “डोक्याला ताप नाही.”

“मला नकोय ते.”

“अगं, पण मास्क लावता येत नाही ना तुला?”

“आज येत नाही. येईल.”

“कसं?”

ते मला माहीत नव्हतं. पण फायली लावत बसायचं नाही, हे त्या संध्याकाळी नक्की झालं. व्यवस्थापकांना मी पुढच्या परीक्षेपर्यंत मुदत मागितली. तोवर प्रयोगशाळेतलं टेबलावरचं काम करीन आणि नमुने दुसरं कुणी आणेल, असं ठरलं.

कंपनीच्या डॉक्टरांनी कर्जतच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे माडीवर एक तरुण समुपदेशक बसते. ध्यान वगैरे सांगेल, या भीतीनंच मी जिना चढले. मला ध्यानाचा कंटाळा. डोळे मिटले की मला त्या खोलीचं दार दिसायचं, मग मिटायचे कशाला?

तिनं ड्रॉवरमधून एक कापडी पट्टा काढला. मधोमध काडेपेटीएवढी डबी. “ताई, हा बरगड्यांवर बांधायचा. श्वास घेतला की पट्टा ताणला जातो, ते फोनला कळतं. बघा.” तिनं स्वतःच्या कुडत्यावरूनच बांधून दाखवला. फोनच्या पडद्यावर एक बगळा होता. तिनं सावकाश श्वास सोडला तसा बगळा पाण्यावरून अलगद वर उठला. मग तिनं मुद्दाम भराभर श्वास घेतला. बगळा धप्पकन खाली.

मापन करणारं यंत्र म्हटल्यावर माझा विश्वास बसला. ध्यानावर नसता बसला.

ती म्हणाली, “घरी घेऊन जा. रोज सकाळी थोडा वेळ.”

मी तो अभ्यास केमिस्टसारखा केला. बगळा खाली येऊ द्यायचा नाही म्हणजे नाही. फोन चांदण्या द्यायचा, शाबासकी द्यायचा, मी आणखी जोर लावायचे. काही दिवसांत बगळा पडद्याच्या वरच्या कडेला चिकटला आणि मला मात्र चक्कर यायला लागली. छाती दुखायची. बसमध्ये खिडकी लावली की आधीसारखाच घसा आवळायचा.

एका सकाळी सासूबाई चहा घेऊन समोर येऊन बसल्या. त्यांचा जन्म कशेळ्याजवळच्या गावात, शेतीत गेलेला. माझी लाल झालेली मुद्रा बघून म्हणाल्या, “काय गं, फोन सांगनार का आता श्वास कसा घ्यायचा? आनि तू तर भांडतेस त्याच्याशी.”

“भांडत नाही आई, शिकतेय.”

“मला बांध बरं.”

मी त्यांच्या लुगड्यावरून पट्टा बांधला. त्या म्हणाल्या, “बगला कुटं हाय? हा का? आमच्या शेतावर येतात तसाच हाय गं. पन त्यो उडत का नाय? बिघडला का? तुमच्या कंपनीसारकाच दिसतोय…” त्या बोलायचं थांबल्याच नाहीत आणि बगळा पाण्यातून हललाच नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना बगळा वेड्यासारखा वरखाली उड्या मारत होता.

मी पुढच्या वेळी समुपदेशकाला चक्कर आल्याचं सांगितलं. तिनं फोनवरचे माझे आलेख पाहिले. एकदम सुरेख, एकसारखे.

“ताई, तुम्ही बगळा उडवताय. श्वास नाही घेत आहात.”

“मग काय करायचं?”

“काही करायचं नाही. बघायचं फक्त.”

“काही न करणं मला जमत नाही.”

ती हसली. “हे खरं बोललात. मग एक करू. बगळाच बंद करू.” तिनं फोनवर काहीतरी बदललं. आता पडदा काळा. श्वास अडकला की पट्टा नुसता थरथरणार. “संध्याकाळी घरी आलात की बांधून ठेवा आणि आपली कामं करा. थरथरला की एवढंच बघा, आत्ता मी काय करत होते? आणि हवा आत ओढायची नाही. उरलेली सोडून द्यायची. आत येणारा श्वास आपोआप येतो, त्याला बोलवावं लागत नाही.”

ओढायचं नाही, सोडायचं. मी ते अवघड जागचं दुखणं असल्यासारखं घेऊन घरी आले, कारण मला आयुष्यभर ओढायचंच माहीत होतं.

पट्टा कपड्यांच्या आत बांधून मी भाकऱ्या थापल्या, कपडे वाळत घातले, नवऱ्याशी बोलले. आणि तो थरथरतच राहिला. कंपनीतून फोन आला, थरथर. सासूबाईंना ठसका लागला, थरथर. नवरा गाडी मागे घेताना मी शेजारी बसले होते, थरथर. शेजारणीनं नुसतं विचारलं, “आता बरं आहे ना?” तरी थरथर. माझा श्वास दिवसाकाठी इतक्या वेळा जागच्या जागी थिजतो याचा मला पत्ताच नव्हता. मला वाटत होतं, माझी भीती त्या एका दुपारची आहे. ती तर संसारभर सांडली होती.

वाईट वाटायला हवं होतं, पण मला उलट हुरूप आला. बिघाड कुठे आहे ते कळलं की अर्धं काम होतं, असं नवरा मोटारींबद्दल म्हणतो. मी थरथर झाली की थांबायचे, उरलेली हवा सोडायचे. कधी जमायचं, बरेचदा नाही. पण आता पट्टा काही मला मार्क देत नव्हता, त्यामुळे नापास होण्याचं भय नव्हतं.

मग एका रविवारी मी कुकर काढला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी डाळ लावली, गॅस पेटवला आणि ओट्यापासून दोन हातांवर स्टूल घेऊन बसले. त्यांनी वर पाहिलं. “मी हितंच हाय,” एवढंच म्हणाल्या. वाफ धरायला लागली. फुसकारा सुरू झाला आणि पट्टा थरथरला. मी उठून गॅस बंद केला. पुन्हा पेटवला. पुन्हा थरथर, पुन्हा बंद. सासूबाई म्हणाल्या, “डाळ शिजल का गं अशानं?” मी म्हटलं, “आज नाही शिजली तर उद्या शिजेल.” तिसऱ्यांदा पेटवला तेव्हा बसून राहिले. फुसकारा आला, पट्टा थरथरला, मी श्वास सोडला. खांदे खाली आले. शिट्टी झाली. डोळ्यांत पाणी होतं, पण मी स्टुलावर होते. त्या दिवशीची डाळ खाली लागली होती. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

कुकर जमल्यावर मी चाचांकडे गेले. “मला घरी न्यायला एक मास्क द्या. जुना चालेल, सिलिंडर नको.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “घरी काय करणार मॅडम?”

“घालून बसणार.”

त्यांनी कपाटातून जुना मास्क काढला, काच पुसली आणि रीतसर परवानगी घेऊन मला दिला. मी त्यांना पट्ट्याबद्दल सांगितलं, परीक्षेच्या वेळी आतून बांधीन म्हटलं. त्यांनी मान हलवली. “ते नाही चालणार. बॅटरीवालं, फोनवालं काही आत नेता येत नाही, ठिणगीचा धोका असतो. सरावाला नाही आणि प्लांटला तर नाहीच. तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. इतके दिवस मी ते स्वतःपासून लपवलं होतं. चौकपर्यंत बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ज्याच्या भरवशावर एवढं केलं तो पट्टा दारातच राहणार. संध्याकाळी समुपदेशकाला फोन केला. तिनं धीर वगैरे दिला नाही. म्हणाली, “मग आजपासून एक दिवस पट्टा, एक दिवस बिनपट्ट्याचा. बिनपट्ट्याच्या दिवशी श्वास कुठे अडकला ते तुम्हीच ओळखायचं. दुसऱ्या दिवशी पट्टा सांगेल, तुमचं बरोबर येतंय की नाही.”

हे मला एकदम पटलं. आम्ही प्रयोगशाळेत उपकरण असंच पडताळून घेतो. फक्त या वेळी उपकरण मी होते.

तेव्हा भातकापणी सुरू झाली होती. सासूबाईंना घेऊन आम्ही कशेळ्याजवळच्या आमच्या शेतावर गेलो. मी मास्क बरोबर नेला होता. घरात बसून तो घालणं आता जमत होतं, चालताना जमत नव्हतं. सगळे कापणीला लागल्यावर मी मास्क चढवला आणि बांधावरून चालायला लागले. काचेतून शेत पिवळं, जरा वाकडं दिसत होतं. स्वतःचा श्वास कानात मोठ्यानं वाजत होता. पलीकडच्या शेतातली एक बाई विळा टाकून ओरडली, “आगं बया, ह्ये काय आलं!” सासूबाई तिकडून म्हणाल्या, “काय नाय गं, सून हाय माजी. कंपनीचा अभ्यास करते.”

बांधाच्या वळणावर पाय घसरला, तोल सावरला आणि छातीत ते जुनं कुलूप लागलं. पट्टा त्या दिवशी नव्हता. पण बरगड्यांवर, जिथे डबी असते तिथे, मला कळलं की श्वास थांबलाय. मी उभी राहिले. काच वाफेनं धुरकट झाली होती. हवा सोडली, अगदी तळातली. मग आत येणारा श्वास खरंच आला, न बोलवता. मी बांध पूर्ण चालून गेले आणि तसाच परत आले. नवऱ्यानं भाऱ्यावरून मान वर करून हात केला. मी मास्क काढला नाही, तिथूनच हात केला.

परीक्षेच्या दिवशी पट्टा मी घरीच ठेवला. चाचांनी माझ्या पाठीवर सिलिंडर अडकवला, मास्कचे पट्टे मला स्वतःला आवळायला लावले. मी हवेच्या वाटेवर तळहात ठेवून श्वास ओढला, मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला. म्हणजे कुठून गळत नाही. याच चिकटण्यानं मागच्या वेळी माझी वाट लागली होती.

“मॅडम, घाई नाही,” चाचा म्हणाले. “आत कुणी मरत नाहीये. बाहुला आहे.”

मी आत शिरले. पांढरा धूर, मग काळोख. उजवा हात भिंतीला लावून गुडघ्यांवर पुढे सरकायचं. एक कोपरा गेला, दुसरा गेला. मग हाताला काहीतरी मऊ लागलं आणि त्याच क्षणी बाहेर कुणीतरी लोखंडी दार आपटलं. ते त्या दुपारचं दार झालं. श्वास थिजला. हात आपोआप मास्ककडे गेले, बोटं त्याच्या पट्ट्याखाली शिरली. ओढला असता तर एका सेकंदाचं काम होतं. बरगड्यांवर काहीही थरथरत नव्हतं आणि तरी मला दिसत होतं, श्वास कुठे अडकलाय, किती अडकलाय. मी बोटं काढली नाहीत, पण ओढलंही नाही. तशीच गुडघ्यांवर बसून हवा सोडत राहिले. किती वेळ बसले कोण जाणे. नंतर चाचा म्हणाले की ते आत यायला निघालेच होते. मग बोटं सैल झाली. मी बाहुल्याच्या काखेत हात घातले आणि उलट पावली ओढायला लागले. बाहुला भलता जड. ओढताना मी त्याला दोन शिव्या दिल्या, त्या मास्कमध्येच राहिल्या.

बाहेर उजेडात आले तेव्हा सिलिंडरची शिट्टी वाजली नव्हती. चाचांनी काटा पाहिला, मला दाखवला. हवा शिल्लक होती. त्यांनी माझ्या पाठीवरचं ओझं उतरवलं आणि म्हणाले, “आता चहा घ्या.” मी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत प्यायले.

पुढच्या आठवड्यापासून मी पुन्हा नमुने काढायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या दारात थांबले. आता तिला दुसरं दार काढलंय, मागच्या जिन्याकडे उघडणारं. मी दोन्ही दारं उघडून पाहिली आणि कामाला लागले. सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. अजूनही एखाद्या दिवशी बसमध्ये खिडकी लावली की घसा आवळतो. तेव्हा मी खिडकी उघडा म्हणत नाही, श्वास सोडते. नाहीच जमलं तर खिडकी उघडा म्हणते.

कँटीनमध्ये एकदा कंत्राटी कामगारांपैकी एक बाप्या माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्या दुपारी तो खालच्या मजल्यावर होता. ताट हातात तसंच धरून हळूच म्हणाला, “मॅडम, तुमी ते श्वासाचं करता म्हनं. मला पन व्हतंय तसं. घरी कुनाला सांगितलं नाय.”

मी समुपदेशकाशी बोलले, व्यवस्थापकांच्या मागे लागले. आधी ते म्हणाले बघू, मग म्हणाले जागा नाही. मी कंपनीच्या वसाहतीतला हॉल स्वतः जाऊन पाहिला आणि शनिवारी पहिल्या पाळीनंतर तो रिकामा असतो, हे त्यांना सांगितलं. मग त्यांना नाही म्हणता येईना. समुपदेशक कर्जतहून पट्टे घेऊन येते. येणारी माणसं थोडी असतात, कधी दोघं-तिघंच. हॉलचा पंखा खडखडतो, बाहेर पोरं क्रिकेट खेळत असतात. आम्ही सतरंजीवर बसतो.

परवा तो कँटीनमधला माणूस उठताना पट्टा सोडत म्हणाला, “आज काय जमलंच नाय मॅडम. सारका थरथरत व्हता.”

“माझाही,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, मग चपला पायात सरकवल्या. बसला अजून वेळ होता. आम्ही सतरंजी झटकून गुंडाळली आणि पोरांचा चेंडू आत आला होता तो बाहेर फेकला.